गुन्हा सिद्ध व्हायच्या आधीच नाव, फोटो, गल्ली सगळं छापलं, कायदा काय म्हणतो?

आलेलं पत्र (थोडं कमी करून):

ताई, नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात राहतो. माझा मोठा भाऊ इथल्या पतसंस्थेत क्लार्क आहे. मार्चमध्ये लेखापरीक्षकांनी अपहाराची फिर्याद दिली, चेअरमनपासून क्लार्कपर्यंत ११ जणांवर गुन्हा दाखल झाला, त्यात दादाचंही नाव आलं. त्याला अटक झालेली नाही, पोलिसांनी नोटीस दिली, तो जाऊन जबाब देऊन आला. पण दुसऱ्याच दिवशी एका लोकल न्यूज पोर्टलने त्याचा फेसबुकवरचा फोटो उचलून "ठेवीदारांच्या घामाच्या पैशावर डल्ला मारणारा हाच तो क्लार्क" असं टाकलं, वडिलांचं नाव आणि गल्लीसकट. गावच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते फिरलं. वहिनीचे माहेरचे तिला घेऊन जायला आले होते, माझं ठरत आलेलं लग्न थांबलंय. मला विचारायचंय, बलात्काराच्या केसमध्ये तक्रारदार बाईचं नाव छापत नाहीत, लहान मुलांचं छापत नाहीत, मग ज्याच्यावर नुसता संशय आहे त्याचं नाव लपवायचा कायदा का नाही? आणि आता आम्ही काय करायचं? दादा म्हणतो गप्प बस, बोललं की अजून वाढेल.
एक बहीण

अगं, आधी सरळ उत्तर देते म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. सज्ञान माणसावर गुन्हा दाखल झाला तर कोर्टात सिद्ध होईपर्यंत त्याचं नाव गुप्त ठेवायचं असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. काही ठराविक प्रकारच्या प्रकरणांत आहे, त्यावर येतेच. पण म्हणून त्या पोर्टलने जे केलं ते सगळं कायद्यात बसतं असं अजिबात नाही, आणि दादा म्हणतो तसं गप्प बसायची पण गरज नाही, फक्त कुठे बोलायचं आणि कुठे तोंड मिटून ठेवायचं हे कळलं पाहिजे.

दादाचं नाव बाहेर आलं कुठून ते आधी बघ. कुणीतरी फोडलं असं तुम्हाला घरात वाटत असेल पण फोडायची गरजच नसते. २०१६ मध्ये वकिलांच्या एका संघटनेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने आदेश दिला की एफआयआर नोंदवल्यापासून २४ तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाकायचा, नेटची अडचण असेल अशा भागात ७२ तासांपर्यंत. लैंगिक गुन्हे, पोक्सो (म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा), दहशतवाद असले संवेदनशील एफआयआर सोडून. अपहार काही त्या यादीत नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारीख निवडली की प्रसिद्ध झालेले एफआयआर दिसतात, गावातल्या कुठल्याही पोराला मोबाइलवर दादाचं नाव, वय, पत्ता वाचता येतो.

आता तू म्हणशील की हे तर अन्यायच झाला. पण हा आदेश कुणासाठी दिला होता बघ, तो आरोपीसाठीच होता. त्याआधी काय व्हायचं, माणसाला कळायचं की आपल्यावर काहीतरी केस झालीय, पण काय कलमं, फिर्यादीत नेमकं काय लिहिलंय, हे कळायला ठाण्यात चार चार खेपा, कुणाच्या तरी हातावर काहीतरी ठेवायचं, आणि एफआयआर हातात नसेल तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज तरी कशाच्या जोरावर करणार? म्हणून कोर्टाने ते उघड्यावर आणलं. अटकेचंही तसंच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३७ प्रमाणे कुणाकुणाला अटक केली, त्यांचे पत्ते काय, कशाबद्दल केली, हे पोलीस ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळक लावावं लागतं. याच्या मागे १९९६ चा डी. के. बसू निकाल आहे, कोठडीत माणसं मरत होती आणि घरच्यांना पत्ताच नसायचा म्हणून कोर्टाने अटकेचा मेमो, नातेवाईकाला कळवणं, बोर्डावर नाव, हे सगळं सक्तीचं केलं.

यावर माझं मत पक्कं आहे. अटक झालेल्याचं नाव गुप्त ठेवायचा अधिकार पोलिसांच्या हातात दिला तर त्याचा पहिला फटका गरिबाच्या पोरालाच बसेल, आई या ठाण्यातून त्या ठाण्यात फिरत बसेल आणि प्रत्येक ठिकाणी "असा कुणी इथे आणलेला नाही" एवढंच ऐकेल. त्यामुळे नोंदीत नाव उघड असणं याला मी कधीच विरोध करणार नाही. माझा विरोध आहे तो नोंदीतलं नाव उचलून फोटो लावून चव्हाट्यावर मांडण्याला. आपल्याकडे या दोन गोष्टींची सरमिसळ झालीय. आणि गंमत म्हणून नाही, खरंच सांगते, सुप्रीम कोर्टानेच हा फरक केलाय, २०२३ च्या जानेवारीत कुणीतरी मागणी केली की एफआयआरसारखी चार्जशीटपण (म्हणजे तपासानंतर पोलीस कोर्टात देतात ते आरोपपत्र) वेबसाइटवर टाका, तर कोर्ट नाही म्हणालं, चार्जशीट हा काही सगळ्यांसाठी खुला दस्त नाही आणि ती अशी टाकली तर आरोपी आणि पीडित दोघांच्याही हक्कांना धक्का लागेल असं म्हणालं. म्हणजे संशयिताला हक्क आहेत हे कोर्ट मानतं.

तुझा मूळ प्रश्न, बाईचं नाव लपवतात मग संशयिताचं का नाही. याचा उगम आपल्याच महाराष्ट्रातला आहे. १९७२ मध्ये गडचिरोलीकडच्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, मथुरा प्रकरण म्हणून ते ओळखलं जातं, १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं आणि देशभरातल्या बायका रस्त्यावर आल्या. त्यातून १९८३ ची दुरुस्ती झाली आणि तेव्हा पीडितेची ओळख छापणं हा गुन्हा ठरला, आज ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. हे दिलं ते ती "खरं बोलतेय असं गृहीत धरून" नाही दिलं. नाव छापलं की बाई तक्रारच करायला येत नाही, गाव तिलाच बोल लावतं, म्हणून दिलं. तिची गोपनीयता काढून घेतली म्हणून दादाची अब्रू परत येणार नाहीये, तेव्हा तो हिशेब मनातून काढून टाक, ही तुझी भांडणाची बाजूच नाही. तुझी बाजू स्वतंत्रपणे भक्कम आहे.

आणि संशयिताचं नाव झाकायची सोय आपल्या कायद्यात काही ठिकाणी आहे, लोकांना माहीत नसते एवढंच. ऑफिसमधल्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा घे, त्याच्या कलम १६ मध्ये तक्रारदार बाई, साक्षीदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, तिघांचीही ओळख छापायला बंदी आहे. अंतर्गत समितीतल्या कुणी नाव फोडलं तर दंड आहे. बलात्काराचा खटला बंद दाराआड चालतो, आणि कामकाज छापायची परवानगी कोर्टाने दिली तरी ती पक्षकारांची नावं पत्ते गुप्त ठेवायच्या अटीवर. पक्षकार म्हटलं की त्यात आरोपीपण आला, पण आपल्याकडच्या बातम्या वाचून तसं वाटतं का? नाही वाटत. मग अल्पवयीन. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, किंवा ज्यावरून तो ओळखू येईल असं काहीही छापलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि त्या कलमाचं प्रत्यक्षात काय होतं ते २०२४ च्या मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातात सगळ्यांनी बघितलं. दोन तरुण इंजिनिअर गेले, लोकांचा संताप शंभर टक्के रास्त होता, माझाही होता. पण गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाचं नाव तेवढं गाळायचं आणि वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, धंदा सगळं दिवसभर स्क्रीनवर चालवायचं, मग गाळलं काय? कायदा "ओळखू येईल असं काहीही" म्हणतो आणि आपण त्याचा अर्थ फक्त एक शब्द न छापणं असा करून ठेवलाय. तुझ्या दादाच्या बाबतीत उद्या नाव न छापता "अमुक गल्लीतला, तमक्याचा मुलगा, पतसंस्थेतला क्लार्क" असं छापलं असतं तर गावात कुणाला कळायचं राहिलं असतं का?

म्हणून सगळ्यांची नावं लपवा असा कायदा आणा, याला मी सरसकट हो म्हणत नाही, आणि हे मी तुला समजावायला नाही सांगत, यात खरोखर दोन्ही बाजूंना वजन आहे. समजा बातमी अशी आली असती की "पतसंस्थेतल्या एका क्लार्कवर गुन्हा". तुमच्या संस्थेत क्लार्क किती, चार पाच? मग संशय चार पाच घरांवर गेला असता आणि ज्यांचं एफआयआरमध्ये नावच नाही त्यांच्या पोरींची लग्नं पण थांबली असती. दुसरं म्हणजे नाव बाहेर आलं की बाकीचे पुढे येतात. २०१८ मध्ये 'मी टू'च्या वेळी एका बाईने बड्या माणसाचं नाव घेतलं आणि मग एकामागून एक बायका बोलायला लागल्या हे आपण बघितलंय. पतसंस्थेच्या भानगडीतही हेच होतं, चेअरमनचं नाव छापून आल्यावर दुसऱ्या शाखेतली विधवा बाई पासबुक घेऊन येते आणि म्हणते माझीही मुदत ठेव मिळत नाहीये. नावं झाकली असती तर तिला कळलंच नसतं. आणि असा कायदा आला की पहिले वापरणार कोण, तर बिल्डर आणि पुढारी. आत्ताही पैसेवाले दिवाणी कोर्टातून बातम्यांवर स्टे आणतातच, शेवटी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की खटला चालायच्या आधीच एकतर्फी असे मनाई हुकूम देऊ नका.

इंग्लंडने हे दोन्ही बाजूंनी करून बघितलंय. १९७६ च्या कायद्याने तिथे बलात्काराच्या आरोपीलाही नाव गुप्त ठेवायचा हक्क दिला होता, १९८८ मध्ये तो काढून टाकला. २०१० मध्ये नवीन सरकारने परत आणायचं ठरवलं, विरोध झाला, सोडून दिलं. शेजारी आयर्लंडमध्ये मात्र बलात्काराच्या खटल्यात दोषी ठरेपर्यंत आरोपीचं नाव छापता येत नाही. मग इंग्लंडमध्ये कायद्याने जे झालं नाही ते कोर्टातून झालं. क्लिफ रिचर्ड नावाचा त्यांचा मोठा गायक, जन्म आपल्या लखनौचा, २०१४ च्या ऑगस्टमध्ये पोलीस जुन्या आरोपाच्या तपासासाठी त्याच्या घराची झडती घेत होते आणि बीबीसीने वरून हेलिकॉप्टर लावून ती लाइव्ह दाखवली. त्याला अटकही झाली नाही, त्याच्यावर आरोपपत्रही झालं नाही. २०१८ मध्ये कोर्टाने बीबीसीला त्याला २ लाख १० हजार पौंड द्यायला लावले. पुढे २०२२ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका केसमध्ये नियमच सांगितला, की तपास चालू आहे पण आरोपपत्र झालेलं नाही अशा माणसाला ती गोष्ट खासगी राहील अशी अपेक्षा ठेवायचा साधारणपणे हक्क आहे. आरोपपत्र आलं की नाव उघड. मला ही रेषा पटते. तोवर पोलिसांनी काहीतरी पुरावा गोळा केलेला असतो, नुसत्या फिर्यादीवर माणूस उभा नसतो. जर्मनीत तर वर्तमानपत्रं बहुतेकदा पहिलं नाव आणि आडनावाचं एक अक्षर एवढंच छापतात, त्यांची लोकशाही काही बुडालेली नाही.

आपल्याकडे ही रेषा कायद्यात नाही, पण कोर्टांनी तिच्या आसपास बरंच बोलून ठेवलंय. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलं. १८ जानेवारी २०२१ ला मुंबई हायकोर्टाने, अभिनेता सुशांतसिंग राजपूतच्या मृत्यूनंतर चॅनलांनी जो धुमाकूळ घातला होता त्या प्रकरणात, मीडिया ट्रायलने न्यायाच्या कामात ढवळाढवळ होते असं स्पष्ट म्हटलं आणि तपास चालू असताना काय करू नये ते लिहून दिलं, त्यात आरोपीचा फोटो छापून त्याची ओळख पटवून देणं हेही आहे. हे लक्षात ठेव, तुझ्या वकिलाला नोटिशीत कामाला येईल. आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला सांगितलं की पोलिसांनी पत्रकारांना किती आणि कसं सांगायचं याची नीट नियमावली करा.

हा जो पोलिसांचा भाग आहे ना, तो मला सगळ्यात जास्त सलतो. आपल्या कुठल्याही जिल्ह्यात जा, रोज संध्याकाळी पत्रकारांच्या ग्रुपवर प्रेस नोट येते, सोबत एक फोटो, मागे एलसीबीची (स्थानिक गुन्हे शाखेची) टीम छाती काढून ओळीने उभी, समोर टेबलावर जप्त केलेल्या मोटारसायकलच्या चाव्या नाहीतर नोटांची बंडलं, आणि पुढे खाली मान घातलेले किंवा उकिडवे बसवलेले दोन तीन जण. खाली साहेबांपासून कॉन्स्टेबलपर्यंत सगळ्यांची नावं. तो फोटो सकाळी पेपरात. त्यातल्या किती जणांच्या तोंडावर काळं फडकं असतं बघ, आणि ते फडकं त्यांच्या अब्रूसाठी नसतं, ओळख परेडसाठी असतं. साक्षीदाराने पेपरात आधीच चेहरा बघितला असेल तर नायब तहसीलदारांसमोर परेडमध्ये ओळखलं त्याला काय किंमत राहिली? आरोपीचा वकील पहिल्याच उलटतपासात ते उडवून लावतो. म्हणजे हे फोटो दाखवणं खऱ्या फिर्यादीच्याही मुळावर येतं, खरा चोर सुटतो यामुळे. गृह मंत्रालयाने २०१० मध्येच राज्यांना लिहिलं होतं की अटक केलेल्यांची मीडियासमोर परेड करू नका. पंधरा वर्षं होऊन गेली.

बरं, आता तुमचं. दादाला अटक नाही, नोटीस आहे, ही चांगली गोष्ट आहे, याचा अर्थ पोलिसांना निदान आत्ता तरी त्याला आत टाकायची गरज वाटलेली नाही. तारखेला बोलावलं की जायचं, टाळायचं नाही, नोटीस पाळली नाही तर अटकेला कारण मिळतं. जाताना वकिलांना विचारून जायचं आणि बाहेर येऊन कुणालाही काही सांगायचं नाही, फेसबुकवर "सत्यमेव जयते, वेळ आल्यावर उत्तर देऊ" असलं स्टेटस पण नाही. चेअरमनने केलं, मॅनेजरने सह्या घेतल्या, हे सगळं खरं असेल पण ते जबाबात आणि कोर्टात, ग्रुपवर नाही. दादा गप्प बस म्हणतो ते इथपर्यंत बरोबर आहे.

पोर्टलच्या बाबतीत मात्र गप्प बसू नका. आजच त्या बातमीचे स्क्रीनशॉट घे, तारीख, वेळ, लिंक दिसेल असे, खालच्या कमेंटसकट, आणि पान सेव्ह करून ठेव कारण नोटीस गेली की पहिलं काम ते लोक बातमी बदलायचं करतात. ज्या मोबाइलवर घेतलं तो विकू बिकू नकोस, पुढे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

मग वकिलांकरवी नोटीस. यात काय मागायचं ते नीट ठरवा, इथे बरेच लोक घसरतात, "बातमी काढून टाका, माफी मागा, एक कोटी द्या" असं लिहितात आणि समोरचा ती केराच्या टोपलीत टाकतो. "अकरा जणांवर गुन्हा दाखल, त्यात अमुक" एवढी बातमी खरी आहे, एफआयआरला धरून आहे, त्यावर तुम्हाला फार काही करता येणार नाही आणि ठेवीदारांना ते कळायचा हक्कही आहे. पण "डल्ला मारणारा हाच तो" हे एफआयआरमध्ये नाही. ते पोर्टलने स्वतःच्या मनाने दिलेलं निकालपत्र आहे. अकरा जणांत एकट्या क्लार्कचाच फोटो का, चेअरमनचा का नाही, हेही विचारा. म्हणजे मागणी अशी, तो मथळा बदला, फेसबुकवरून परवानगी न घेता उचललेला फोटो काढा, वडिलांचं नाव आणि गल्ली काढा, आणि तपासाचा जो निकाल लागेल तो त्याच जागी तेवढ्याच मोठ्या अक्षरात द्या. ही मागणी इतकी वाजवी आहे की नाकारली तर पुढे कोर्टात पोर्टलचीच अडचण होते. सोबत फेसबुक, यूट्यूबवर जिथे जिथे ते चढवलंय तिथल्या तक्रार अधिकाऱ्याकडे वेगळी तक्रार टाक, ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यायचं बंधन त्यांच्यावर आहे.

नाहीच ऐकलं तर बदनामी. ती दोन प्रकारची असते आणि मुदत वेगवेगळी असते, दिवाणी दावा करायचा तर छापल्यापासून एक वर्षाच्या आत, फौजदारी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तीन वर्षांच्या आत. फौजदारीत पोलीस एफआयआर घेत नाहीत, थेट मॅजिस्ट्रेटकडे खासगी तक्रार करावी लागते, त्यामुळे ठाण्यात जाऊन "माझी बदनामी झाली" म्हणून भांडू नका. पण माझं ऐकशील तर दावा लगेच ठोकू नका. दादाचीच केस अजून तपासावर आहे, बदनामीच्या केसमध्ये त्याची उलटतपासणी झाली आणि तिथे काही वेडंवाकडं बोलून गेला तर ते इकडे वापरतील. नोटीस आत्ता द्या, वर्षाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि चार्जशीट येते का, त्यात दादा असतो का, ते बघून मग वकिलांशी ठरवा.

ग्रुपचं म्हणशील तर अॅडमिनच्या मागे लागू नकोस. २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलंय की दुसऱ्या कुणी टाकलेल्या पोस्टसाठी, ठरवून केलेलं नसेल तर, अॅडमिन जबाबदार नाही. ज्याने स्वतःची वाक्यं जोडून पुढे ढकललं तो जबाबदार. अशा एक दोघांना तुझ्या वडिलांनी किंवा गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाने घरी जाऊन सांगितलं तर ते डिलीट करतील, बहुतेक वेळा करतात, समोरासमोर माणूस वरमतो.

पुढचं सांगून ठेवते कारण ते कुणी सांगत नाही. तपासात दादाविरुद्ध पुरेसा पुरावा निघाला नाही तर पोलीस त्याचं नाव वगळायचा अहवाल देतात, वकील लोक अजून त्याला "१६९ चा रिपोर्ट" म्हणतात, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १८९. चार्जशीटमध्ये नाव आलंच तर आरोप निश्चित व्हायच्या आधी दोषमुक्तीचा अर्ज करता येतो. यातलं काहीही झालं की त्या आदेशाची सही शिक्क्याची नक्कल काढा, दोन जास्तीच्या काढा, आणि पोर्टलला पाठवा. त्यांना स्वतःहून ती बातमी करायचं सुचणार नाही. एफआयआर झाल्यावर सगळे येतात, निकालाला कुणी येत नाही. इस्रोचे नंबी नारायणन १९९४ मध्ये हेर म्हणून देशभर पहिल्या पानावर होते, सीबीआयने दोन वर्षांत सांगितलं की यात काही तथ्य नाही, आणि सुप्रीम कोर्टाने ५० लाख भरपाई द्यायला सांगितली ती २०१८ मध्ये. चोवीस वर्षं. त्यांच्यामागे त्यांचं नाव तरी होतं, गावच्या पतसंस्थेतल्या क्लार्कमागे कोण आहे? आपणच.

इंटरनेटवरून नाव कायमचं पुसायचं म्हणशील तर ते अजून अधांतरी आहे. ई-कोर्टच्या साइटवर पक्षकाराचं नाव टाकलं की केस दिसते, सुटल्यावरही दिसते. २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ड्रग्जच्या केसमधून निर्दोष सुटलेल्या एकाचा निकाल सर्चमध्ये येऊ नये असा अंतरिम आदेश दिला होता, मद्रास हायकोर्टाने २०२४ मध्ये तसाच आदेश दिला तर त्याला सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. तेव्हा त्यावर आत्ता आशा लावून बसू नका. आणि दादाला नोकरीच्या किंवा कसल्याही फॉर्ममध्ये "तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का" असं विचारलं तर खरं लिहायचं, लपवलं म्हणून नोकरी जाते, केस आहे म्हणून कधी कधी जात नाही.

राहिलं घरचं. वहिनीच्या माहेरी वडिलांनी स्वतः जावं, फोनवर नको, आणि जाताना एफआयआरची प्रत न्यावी. त्यांना वाचून दाखवा की दादावर नेमका काय आरोप आहे, बहुतेक अशा फिर्यादींत क्लार्कचं नाव व्हाउचरवरच्या सह्यांमुळे आलेलं असतं आणि रक्कम वरच्यांच्या खात्यात गेलेली असते, तुमच्या एफआयआरमध्ये तसं आहे का ते आधी स्वतः शांतपणे वाच. तसं नसेल, दादाच्या खात्यात खरंच काही पैसे आले असतील, तर ते मला नको सांगूस, वकिलांना सांग, आजच सांग, कारण तिकडे कुणाचे तरी आयुष्यभराचे पैसे अडकलेत आणि त्यांचं दुःख तुमच्यापेक्षा लहान नाही. तुझ्या सासरच्या, म्हणजे होणाऱ्या सासरच्या लोकांनाही तेच कागद दाखव. मुलाशी तू स्वतः बोल, मध्यस्थामार्फत नको. केसचा निकाल लागेपर्यंत थांबू असं ते म्हणाले तर त्याला काही वर्षं लागतील हे त्यांना आणि स्वतःलाही स्पष्ट सांग आणि चार्जशीटपर्यंत थांबायची तयारी आहे का ते विचार. ते पण नको म्हणाले तर तू काय करायचं हे तुझं तू ठरव, मी इथून त्यात पडणार नाही.

वकील मिळत नसेल किंवा फी झेपत नसेल तर सांगलीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बायकांना उत्पन्न न बघता तिथे मोफत वकील मिळतो, दादासाठी उत्पन्नाचा दाखला लागेल. जाताना एफआयआरची प्रत, पोलिसांची नोटीस आणि ते स्क्रीनशॉट प्रिंट काढून ने, नुसता मोबाइल दाखवू नकोस.